क्लचवरची खूण

दौलत, परवा शोकसभेत चौघांनी तुला 'कडक' म्हटलं आणि मी सतरंजीवर मान खाली घालून बसून राहिलो.

हिशेब खात्यातले एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "दौलतराव म्हणजे कडक माणूस. कामात कडक, वागण्यात कडक. उगाच नाही गॅरेजातले लोक त्यांना कडक मिस्त्री म्हणत." माना डोलल्या. मागून कुणीतरी "अगदी, अगदी" म्हणालं. मला वाटलं, आता उठावं आणि सांगून टाकावं. उठलोही. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाही. एकानं पाण्याचा गडू पुढे केला. मी पाणी प्यालो आणि पुन्हा बसलो.

तू कडक कुठला रे? गंजलेल्या नटालासुद्धा तू "चाल माय, नीघ नं, कायले तरास देतं" म्हणायचास. ते नाव कशावरून पडलं हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. निघताना इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही त्यांचे जुने सोबती. मंडळाच्या अंकासाठी चार ओळी द्या." त्या चार ओळी मी तीनदा लिहिल्या, तीनदा फाडल्या. हे चौथं. लिहिता लिहिता उठतो, अंगणात जातो, परत येतो. बायको विचारते, पोटात दुखतंय का? मी हो म्हणतो.

तुला आठवते ती आपल्या गॅरेजच्या साहेबांची लाल गाडी? विचारतोय काय मी. कुठल्याशा जमीनदाराच्या वारसाकडून साहेबांनी ती घेतली होती. विलायती, दोन सीटांची, टप नाही, बॉनेटला चामड्याचा पट्टा. आपल्या गॅरेजात सगळीकडे डंपर आणि क्रेन, पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांची कामं चाललेली, लाल धूळ जेवणाच्या डब्यात जायची, आणि त्यात ती उभी. तू पहिल्यांदा पाहून म्हणालास, "हे गाडी नाही बे महाद्या, हे तर वरातीतला बँडवाला आहे. नुसता लाल कोट." पण हात मात्र तू तिला धुऊन लावायचास.

तिचा क्लच घसरायला लागला. साहेबांनी कलकत्त्याहून नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट मागवली आणि काम तुला दिलं. तेवढ्यात तुझ्या बहिणीची सोयरीक ठरली आणि तुला तुमसरकडे जावं लागलं. जाताना तू दोनदा सांगितलंस, "मी येतवरी हात नोको लावू. सोमवारी आपण दोघं मिळून उतरवू."

मी रविवारी एकट्यानं उतरवलं.

का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर डंपरचं नवं गॅरेज होत होतं. तिथं एक चार्जमन, म्हणजे गॅरेजचा मुख्य, नेमायचा होता, क्वार्टरसकट. साहेबांच्या मनात तुझं नाव होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मला ते पाहिजे होतं, दौलत. मला तुझं वाईट करायचं नव्हतं, असं मी स्वतःला आठ वर्षं सांगत आलो. पण मला ते पाहिजे होतं हेही तितकंच खरं. एकदा साहेबांना दिसावं की महादूही एकट्यानं गाडी खोलू शकतो, एवढंच डोक्यात होतं.

आणि मला खोलायला शिकवलं कुणी? जिनिंगमधलं एक जुनं इंजिन सोडून मला दुसरं काही येत नव्हतं तेव्हा तू मला गावाहून इथं आणलंस. कामगारांच्या कॅम्पातल्या तुझ्या टिनाच्या खोलीत मी पाच महिने राहिलो. वहिनींच्या हातची भाकर आणि जवसाची चटणी खाल्ली. पहिल्यांदा गिअरबॉक्स छातीवर घेऊन गाडीखाली अडकलो तेव्हा तू बाजूला आडवा होऊन हसत होतास, "घाबरू नोको, बायको समज, हळूच बाजूला सरकव." आपल्या गॅरेजचे दोन नियम तूच मला दिलेस. खोलण्याआधी खूण करावी. आणि ज्यानं खोललं त्यानंच कसावं.

मी पहिला नियम त्या रविवारी मोडला. जे कुणी गाडीखाली गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लचच्या कवचातून एक दांडा बाहेर येतो, त्याला गोलाकार दाते असतात. त्यावर वीतभर लांबीचा लिव्हर बसतो, त्याच्या भोकालाही तसेच दाते. लिव्हर कुठल्याही दातावर बसतो, म्हणून काढण्याआधी पंचानं, म्हणजे पोलादाच्या टोकदार दांडीनं, दोघांवर एकेक टिंब मारायचं आणि बसवताना टिंबासमोर टिंब आणायचं. एक दात जरी सरकला तरी ओढ तिरकी पडते आणि पेडल दाबताना पायाखाली दगड असल्यासारखं वाटतं. लिव्हर घट्ट बसला होता. मी ठोकला. तो एकदम निघून खाली पडला, आणि मग मला आठवलं की खूण केलीच नाही.

अंदाजानं बसवला. लिव्हरला पेडलशी जोडणाऱ्या सळईचा नट फिरवून पेडलची ढील बरोबर करून घेतली. वरून सगळं ठीक दिसत होतं.

सोमवारी सकाळी तू स्टेशनवरून सरळ गॅरेजात आलास, हातात अनारशांचा डबा. गाडी चाकांवर उभी पाहिलीस. मला वाटलं रागावशील. तू पाठीवर थाप मारलीस. "एकट्यानं? वा रे पठ्ठ्या!" मग विचारलंस, "खूण केली होती नं?"

"हो, केली नं."

"बरं," म्हणालास आणि चहाला गेलास.

तुझ्या चहाला लागतो तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी पंच आणि हातोडी घेऊन गाडीखाली गेलो आणि लिव्हर जिथं चुकून बसला होता तिथंच दोन टिंबं मारली, समोरासमोर. नवी खूण चमकते, म्हणून वरून काळं ग्रीस आणि माती चोळली. खोटं बोलणं एका शब्दाचं होतं, ते तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. पण माती चोळणं निसटत नाही. ती मी बोटानं चोळली.

तू परत आलास, खाली सरकलास. मला फक्त तुझे पाय दिसत होते. "बरोबर आहे," तू आतून म्हणालास. तुझ्यापुरता लिव्हर तिथं संपला. महाद्यानं खूण केली, खूण जुळली, आता दोष दुसरीकडे.

साहेबांनी गाडी चालवून पाहिली आणि पाच मिनिटांत परत आणली. "इतना कड़क? यह क्लच है या अखाड़ा?" सगळे म्हणाले नवीन आहे, चालून चालून नरम होईल. कॉम्प्रेसरवरचा बिसाहू म्हणाला, नवीन पनही घलो काटथे, नवा जोडाही चावतोच. तू म्हणालास, "जोडा चामड्याचा रायते गा. हे पोलाद आहे. पोलादाच्या गावात राहून एवढं तं समजाले पायजे."

मग ते पाच दिवस. पहिल्यांदा तू पेडलचा बुश काढलास, घासलास, ग्रीस भरलंस. तसंच. पेडल परत खेचणारी स्प्रिंग काढून पाहिलीस. तसंच. सळई सोडवलीस तर पेडल एकटं पिसासारखं हललं, म्हणजे दोष पुढे, क्लचकडे. सुपेल्याच्या बाजारातून तू कांदेवाल्याचा ताणकाटा मागून आणलास आणि पेडलला अडकवून ओढून पाहिलास. कांदेवाला आपला काटा सोडायला तयार नव्हता, तो काट्याबरोबर गॅरेजात आला आणि उकिडवा बसून बघत राहिला. आपण दोघांनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. प्रेशर प्लेटच्या नव्या स्प्रिंगा जुन्यांच्या शेजारी उभ्या करून तू त्यांची उंची मापलीस. सारखी. बेअरिंग पाहिलं, ते ढकलणारा फाटा पाहिला. सगळं ठीक. रोज संध्याकाळी तू डावा गुडघा चोळत घरी जायचास, कारण दिवसभर ते पेडल तूच दाबत होतास. मी तुझ्या शेजारी पाने देत उभा. प्रत्येक वेळी तोंड उघडायचो आणि विचारायचो, "अकराचा देऊ का?"

गुरुवारी साहेब एका रशियन इंजिनिअरला शेजारी बसवून निघाले. तू हात जोडले, "साहब, दो दिन और." त्यांनी ऐकलं नाही. गॅरेजच्या फाटकापाशीच त्यांचा पाय त्या जड पेडलवरून सटकला, गाडीनं उडी मारली आणि डांबराच्या रिकाम्या पिंपावर जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. पाहुणा हसला, मग सगळेच हसले, आणि ते हसणं साहेबांना सोसलं नाही. पन्नास माणसांसमोर ते तुला म्हणाले, "एक पेडल नहीं सँभलता, और नंदिनी सँभालेगा?"

त्या दिवसापासून बिसाहू तुला हाक मारू लागला, "का कड़क मिस्त्री, आजो कड़क हे का?" तू हसायचास. नाव चिकटलं.

शनिवारी तू गाडीखाली एकटा होतास. लिव्हरला पाइप लावून हातानं ओढत होतास, सोडत होतास, पुन्हा ओढत होतास. मग आवाज थांबला. मी चाकाच्या फटीतून पाहिलं. तू लिव्हर काढून हातात घेतला होतास आणि अंगठ्यानं टिंबावरची माती पुसत होतास. किती वेळ पाहत होतास माहीत नाही. मग तू एक दात मागे घेऊन लिव्हर बसवलास. माझी दोन टिंबं आता एकमेकांसमोर नव्हती. तू कानस घेऊन लिव्हरवरचं टिंब घासून टाकलंस आणि नवं मारलंस. पेडल हातानं दाबलंस. सरळ गेलं.

साहेब आले. खूश झाले, मग आठवल्यासारखे रागावले. "ग़लती किसकी थी?"

"मेरी, साहब. दाँत मैंने ग़लत बिठाया था."

मी चिंधीनं हात पुसत होतो. पुसतच राहिलो.

पुढच्या आठवड्यात नंदिनीच्या नेमणुकीच्या कागदावर माझं नाव आलं. जायच्या दिवशी तू मला पोचवायला बसपर्यंत आलास आणि खिशातून तुझा पंच काढून माझ्या हातात ठेवलास. "घे, तिकडं लागंल." बस, एवढंच. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यात टोमणा नव्हता. मायाही दिसली नाही. आठ वर्षं मी त्या वाक्याच्या दोन्ही बाजू उलटून पाहतोय. तू मला शिकवत होतास, की माफ करत होतास, की नुसतं सांगत होतास की मला कळलंय? की खरंच तिकडे पंच लागेल म्हणून दिलास? तू असाही होतास, साधा, वस्तू लागेल म्हणून देणारा. तेच मला सर्वात जास्त छळतं.

एकदा मी सुरुवात केली होती. दोन वर्षांपूर्वी, जामुलच्या स्टँडवर आपण बसची वाट पाहत होतो, सिमेंटच्या धुळीनं तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी म्हणालो, "दौलत, तो क्लच..."

"कोणता क्लच?"

"साहेबाच्या लाल गाडीचा."

"अबे, ते गाडी साहेबानं केव्हाच विकली," तू म्हणालास. आणि लगेच, "पोराले मराठी शाळेत टाकला का नाही? घरात बी हिंदीच बोलून राहिलं म्हणते तुही बायको." मग आपण पोरांच्या बोलीवरून भांडत बसलो, बस येईपर्यंत. मी म्हणालो, जिथं पोट भरते तिथली भाषा. तू म्हणालास, पोट भरते गिळायच्या तोंडानं, बोलायचं तोंड वेगळं. ते भांडण अजून अर्धंच आहे. पण मला आज राग त्याचा येतो की तू मला त्या दिवशी थांबवलंस. दोन वाक्यं बोलू दिली असतीस तर काय बिघडलं असतं? की तुला वाटलं, सांगून टाकून मी मोकळा होईन, आणि तुला मला मोकळं करायचं नव्हतं? हे मी तुझ्यावर ढकलतोय, कळतंय मला. दोन वर्षांत जामुलला बस पुष्कळ वेळा उशिरा आली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, या कागदावर आहे तेवढंच, याच क्रमानं. त्यांचा हात सुपात फिरत होता, तो थांबला नाही.

"नंदिनीचं ते क्वार्टर मी पाहून आली होती भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यायनं नेलं होतं. मागच्या मोरीजवळ पेरू लावाचा म्हणून जागा बी धरली होती."

त्या जागेवर आम्ही सायकली ठेवतो, दौलत. हे मी त्यांना सांगितलं नाही, इथं सांगतो.

मी म्हणालो, "वहिनी, मला काय बोलायचं ते बोला."

"मी काय बोलू? आणि मले कावून सांगता? माह्या घरात त्याइचं नाव कधी कमी झालंच नोतं. जिथं झालं तिथं जाऊन सांगा." मग सूप झटकून म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

मी चहा घेतला नाही. पुढच्या दिवशी सकाळी मी आपल्या गॅरेजात गेलो. पाळी नुकतीच सुरू झाली होती. अर्धे चेहरे नवे. आताचा चार्जमन हातात कामाची यादी घेऊन उभा होता. त्याला वाटलं, नंदिनीहून डंपरच्या कामासाठी आलोय. बिसाहू कॉम्प्रेसरपाशी होता, केस पिकलेत त्याचे, "राम राम महादू बाबू" म्हणाला. मी मधे उभा राहून बोललो. आठ वर्षं पोटात ठेवलेलं तीन-चार वाक्यांत संपलं. पाहतो तर सगळे आपापल्या कामात. एकानं मान हलवली, हसला, पुन्हा टायरकडे वळला.

"का कहथस?" बिसाहू कानाला हात लावून ओरडला. "नइ सुनावत हे!"

कॉम्प्रेसर चालू होता. माझा आवाज कुणाच्याच कानापर्यंत गेला नव्हता. मला बरं वाटलं, दौलत. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर बरं वाटलं. सांगूनही झालं आणि कुणी ऐकलंही नाही. निघून जाता आलं असतं. बिसाहूनं हात लांब करून कॉम्प्रेसर बंद केला. एवढं मोठं गॅरेज गप्प झालं. सगळ्यांनी वर पाहिलं.

"हाँ, अब बोल," बिसाहू म्हणाला.

मी पुन्हा बोललो, मोठ्यानं, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. लाल गाडी. लिव्हर मी काढला, खूण न करता. दौलतनं विचारलं तेव्हा केली म्हणालो. मग खोटी खूण मारली आणि माती चोळली. पाच दिवस शोधून त्यानं ती पकडली आणि चूक स्वतःवर घेतली. कडक क्लच माझा होता, नाव त्याला पडलं. नंदिनीही त्याची होती.

मला वाटलं आता शिव्या पडतील. मी त्यासाठी तयार होतो, मला त्या हव्या होत्या. चार्जमननं यादी दुमडून खिशात घातली. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "एक मिनट. निशान ग़लत था, मिला हुआ था, और उसने फिर भी पकड़ लिया?"

"हाँ."

"एक दाँत आगे था कि पीछे?"

"आगे."

तो खाली बसला आणि खडूनं फरशीवर दांडा काढला, लिव्हर काढला, सळई काढली. दोघे-तिघे वाकले. एक म्हणाला, ढील बरोबर असेल तर कळणारच नाही. दुसरा म्हणाला, "मैं तो निशान देखके छोड़ देता. उधर हाथ ही नहीं लगाता." "सब छोड़ देते," चार्जमन म्हणाला. "निशान मिल गया तो बात ख़तम. पाँच दिन में पकड़ा? मुझसे पाँच महीने में नहीं होता."

बिसाहू कॉम्प्रेसरच्या टाकीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "अऊ हमन वोला हाँसत रहेन," आणि आम्ही त्याला हसत राहिलो.

चार्जमन खडू हातात धरून विचारत होता, "पहले उसने खोला क्या था? स्प्रिंग?" बिसाहू म्हणाला, स्प्रिंगच असेल. दुसरा म्हणाला, छे, गिअरबॉक्स. त्यांचं जुंपलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते तुझं काम चुकीच्या क्रमानं लावत होते आणि मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "नाही, आधी बुश. बुश काढला, घासला, ग्रीस भरलं. स्प्रिंग नंतर."

"फिर?" चार्जमननं माझ्यासाठी एक उलटा डबा पुढे सरकवला.

मी त्यावर बसलो आणि तू ते पाच दिवस काय काय केलंस ते सोमवारपासून सांगायला लागलो. जेवणाचा भोंगा होईपर्यंत कुणी कॉम्प्रेसर चालू केला नाही.